घाटी, भय्या आणि आपलं पत्रक

(चाकण येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘घाटी’ या शब्दापासून सुरुवात करते, कारण तो आपल्याला लागतो. घाटावरून आलेला तो घाटी, एवढाच त्याचा मूळ अर्थ. साताऱ्याकडून, पुणे-नगरकडून माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, हमालीवर गेली आणि तिथल्या सुखवस्तू, इंग्रजी बोलणाऱ्या घरांत हाच शब्द गावंढळ, अडाणी, कळकट या अर्थानं रुळला. गोव्यातही घाटापलीकडून मजुरीला येणाऱ्याला हाच शब्द, मग तो मराठी असो की कानडी. घाट तोच, माणसं तीच. फक्त म्हणणारा मालक झाला आणि ऐकणारा मजूर. आपल्यापैकी ज्यांच्या आत्या-मावश्यांनी मुंबईत घरकाम केलं, त्यांना हे मी सांगायला नको. “अहो, घाटावरच्या म्हणून घाटी, त्यात वाईट काय?” असं कुणी समजावलं असतं, तर त्यांचं समाधान झालं असतं का?

आता ‘भय्या’ घ्या. हिंदीत तो भाऊ. उत्तरेकडची बाई सख्ख्या भावाला भय्या म्हणते, रिक्षावाल्यालाही म्हणते, आणि त्यात मान असतो. आपल्याकडे काही घरांत मुलाचं लाडाचं नाव भय्या असतं, ते सोडलं तर भावाला आपण दादा म्हणतो, भाऊ म्हणतो. भय्या आपल्याकडे दारात दूध घेऊन आला. आधी तो दूधवाला होता, मग भेळवाला, वॉचमन, आणि मग उत्तरेकडचा कुणीही. नात्याचं नाव होतं ते जमातीचं नाव झालं. सत्तरीच्या मराठी भाजीवाल्याला आपण ‘काका, मेथी कशी दिली?’ विचारतो. तोच उत्तर प्रदेशातला असेल तर ‘ए भय्या, मेथी कितीला?’ आणि अनेकवचन केलं, ‘भय्ये’ म्हटलं, की उरलंसुरलं नातंही संपतं. आपल्या भावांना ‘भय्ये’ म्हणणारी बहीण मला तरी भेटलेली नाही.

त्यात २००८ साल आलं. फेब्रुवारीत मुंबई, नाशिक, पुणे या भागांत उत्तर भारतीयांवर हल्ले झाले. टॅक्सीवाले, फेरीवाले, कारखान्यातले मजूर मोठ्या संख्येनं गाड्या धरून गावी गेले. ऑक्टोबरात रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांना मुंबईत मारहाण झाली. त्या दिवसांत जो माणूस खोलीचं दार आतून लावून बसला होता, त्याला रस्त्यात मागून ‘ए भय्या’ ऐकू आलं, तर तो भाऊ म्हणून हाक आली असं समजेल का? तो आधी मागे किती जण आहेत ते बघेल. शब्दकोशानं यात काही फरक पडत नाही.

आपल्या पत्रकाच्या मसुद्यात “भय्ये आले आणि आपल्या बायकांची कामं गेली” असं वाक्य होतं. ते वाचल्यावर चिखलीच्या गटातल्या दोघी जणी बैठकीतून उठून गेल्या. ज्या मैत्रिणीनं ते लिहिलं ती प्रामाणिकपणे म्हणते, “मी शिवी कुठं दिली?” तिच्या मनात शिवी नव्हती, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यावर हा वाद मिटत नाही, आणि मिटू नये असं मला वाटतं.

कारण हा वाद आपल्या चळवळीनं आधी एकदा लढलेला आहे. सुपरवायझर म्हणायचा, “मी तर गंमत केली.” त्याच्या मनात काय होतं हे शोधत बसलो असतो, तर एकाही बाईची तक्रार टिकली नसती. १९९७ च्या विशाखा निकालानं आणि पुढे २०१३ च्या कायद्यानं ‘नकोसं’ हा शब्द मध्यभागी आणला. वागणं, बोलणं बाईला नकोसं होतं का, हा प्रश्न झाला. आपण हे मिळवलं आणि त्याचा अभिमानही बाळगतो. मग चिखलीच्या बाईला ‘भय्ये’ नकोसं वाटलं, की आपण लगेच व्युत्पत्ती का सांगायला लागतो?

ईशान्येकडच्या मुलींचंही हेच. पार्लरमध्ये, मॉलमध्ये, हॉटेलांत त्या कामाला आहेत. त्यांना ‘चिंकी’ म्हणणारे म्हणतात, लाडानं म्हणतो. ऑगस्ट २०१२ मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या काही तरुणांना मारहाण झाली, अफवांचे एसएमएस फिरले आणि ही मुलं-मुली सामान घेऊन स्टेशनवर गोळा झाली. लाड करणाऱ्यांपैकी किती जण त्यांना थांबवायला गेले? त्याच वर्षी केंद्रीय गृहमंत्रालयानं राज्यांना कळवलं होतं, की ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला हा शब्द वापरून हिणवलं तर अॅट्रॉसिटी कायद्याखाली कारवाई करावी. दिल्लीत जानेवारी २०१४ मध्ये निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनं दंडविधानात ५०९-अ असं नवं कलम सुचवलं. ५०९ आपल्या ओळखीचं होतं, शब्दानं किंवा हावभावानं स्त्रीचा विनयभंग करण्याचं. त्याच धर्तीवर वंशावरून अपमान करणाऱ्या शब्दाला शिक्षा असावी, असं समितीचं म्हणणं.

मला स्वतःला प्रत्येक शब्दासाठी पोलीस नको आहेत. पोलीस चौकीत या मुलींना काय ऐकावं लागतं, हे आपण सोबत गेलो तेव्हा पाहिलंय. आणि प्रत्येक भय्या शिवी असते असंही मी म्हणत नाही. शेजारीण म्हणते तेव्हा वेगळा, मुकादम म्हणतो तेव्हा वेगळा. पण कुठला कोणता, हे ऐकणाऱ्याला विचारावं लागेल.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. भोसरीची एक कामगार मैत्रीण चिडून म्हणाली, “शब्दांचं बघू नंतर, कामाचं बोला.” तिचा राग खोटा नाही. लाइनवरून काढल्यावर ती दोन महिने घरी बसली आणि तिच्या जागी बिहारचा मुलगा आला. पण त्याला कुणी आणलं? कमी पैशात, बारा तासांच्या बोलीवर, गावाकडून गाडी भरून आणणारा कंत्राटदार बहुतेक वेळा आपला गाववाला असतो. पत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. ‘भय्ये’ लिहिलं की कंत्राटदार सुटतो, हा माझा त्या वाक्यावरचा खरा आक्षेप आहे.

आणि बाहेरचे म्हणजे तरी कोण? पिंपरी-चिंचवड उभंच राहिलं बाहेरच्यांवर. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरीच्या छावणीत आली. छावणी गेली, मोठी बाजारपेठ झाली, नाव मात्र कॅम्पच राहिलं. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, मागोमाग मोटारींचे कारखाने आले, आणि सातारा, सोलापूर, मराठवाड्यातून माणसं आली. आज चाकणला लातूर-बीडच्या मुलीला खोली देतानाही घरमालकीण ‘बाहेरची आहे’ म्हणून जास्त डिपॉझिट मागते. ती मुलगी मराठीच बोलते.

आता पत्रकाचं. ते वाक्य काढून “कंत्राटदारानं कायम कामाच्या जागी कमी पगाराची माणसं भरली” असं घालावं, अशी माझी सूचना आहे. पत्रक हिंदीतही छापावं. आणि चिखलीला त्या दोघींकडे जाताना त्यांना ‘भाभी’ म्हणू नका. दोघींना ते आवडत नाही, त्यांनी मला सांगितलंय. एकीचं म्हणणं, नवरा तीन वर्षं गावीच आहे, मी कुणाची भाभी? नावानं हाक मारा.

माझं एवढंच. भोसरीच्या गटाला बोलायचं आहे, त्यांना आधी वेळ द्या.