पट्टा समोरच्यासाठी असतो



ज्युदो, कराटे, तायक्वांदो या तिन्ही खेळांची शिक्षक माणसं एका सभागृहात, आणि तीही भांडण न करता बसली आहेत, याबद्दल संयोजकांचं आधी अभिनंदन. मला सुचवलेला विषय होता 'मार्शल आर्टचं भवितव्य'. भवितव्य सांगणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांची फीही वेगळी असते. म्हणून मी आपल्या रोजच्या कामातला विषय घेतो. आपण सगळे वर्षातून काही वेळा बेल्ट परीक्षा घेतो. आपल्यापैकी अनेकांच्या हॉलचं भाडं तिच्यावरच निघतं. चहाच्या टपरीवर तिच्याबद्दल भरपूर बोललं जातं, व्यासपीठावर मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

बेल्ट परीक्षा कशासाठी, असं कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. मुलांना हुरूप येतो, आत्मविश्वास वाढतो, शिस्त लागते. हे खोटं नाही. पण हुरूप यायला पदक पुरतं, स्नेहसंमेलनातलं बक्षीसही पुरतं. पट्ट्याचं काम वेगळं आहे, असं मी मानतो. तो ज्याच्या कमरेला असतो त्याच्यापेक्षा त्याच्यासमोर जो उभा राहतो त्याला त्याची जास्त गरज असते. माझ्यापुढे आलेला हा अनोळखी मुलगा पडू शकतो का? मी त्याला किती जोरात टाकू? तो मला टाकेल तेव्हा सांभाळेल का? याची उत्तरं सराव सुरू होण्याआधी, न विचारता कळावीत यासाठी पट्टा असतो. आणि ते उत्तर खरं आहे, याची हमी आपण परीक्षेत देतो.

हे मॅटवर कसं दिसतं ते सांगतो. हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेला दोन मुलं ओ-गोशी ही कमरेवरची फेक करून दाखवतात. पाहुणे आणि पालक टाकणाऱ्याकडे बघतात: कंबर नीट घातली का, फेक उंच गेली का. जाणता परीक्षक आधी पडणाऱ्याकडे बघतो. हनुवटी छातीला लागली आहे का, मोकळा हात मॅटवर सपाट आणि वेळेत आपटला का, की घाबरून कोपर टेकवलं? मग तो टाकणाऱ्याचा एकच हात बघतो. फेक पूर्ण होताना त्यानं जोडीदाराची बाही धरून ठेवली आहे आणि शेवटच्या क्षणी ती वर ओढली आहे का? बाही वर ओढली की पडणाऱ्याचं डोकं मॅटपासून वर राहतं. सोडून दिली तर फेक जास्त दणदणीत दिसते, टाळ्याही मिळतात, आणि डोकं आपटतं. ज्या परीक्षकाच्या तक्त्यात या बाहीला गुण नाहीत, त्याची परीक्षा मला समजलेली नाही. कराटेवाल्या मित्रांसाठी हीच गोष्ट नाकापासून बोटभर अंतरावर थांबलेल्या मुठीची आहे. जोरात मारता येणं आणि जोरात येणारी मूठ थांबवता येणं यांत दुसरं कितीतरी अवघड आहे.

ही दृष्टी माझी एकट्याची नाही, ती या पद्धतीच्या मुळातच आहे. जिगोरो कानोंनी 1882 साली टोकियोतल्या एइशोजी देवळात बारा ताटामी चटयांच्या जागेत ज्युदो शिकवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी त्यांनी शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोघांना पहिला दान, म्हणजे वरच्या दर्जांतली पहिली पायरी, दिला. दानाची कल्पना त्यांनी घेतली ती गो या पटावरच्या खेळातून. तिथे ती फार आधीपासून रुळलेली होती आणि तिचा उपयोग अगदी व्यवहारी होता: दोन खेळाडूंच्या दर्जात फरक असेल तर कमकुवत खेळाडूला पटावर किती सोंगट्यांची सवलत द्यायची हे त्यावरून ठरे. दर्जा म्हणजे दोन माणसांमधला हिशोब. एकट्यानं मिरवायला तो तेव्हाही उपयोगाचा नव्हता.

काळा पट्टा काही वर्षांनी आला. पांढरा पट्टा न धुता वापरून वापरून मळला आणि काळा झाला, ही गोष्ट आपल्यातले बरेचजण मुलांना रंगवून सांगतात. तिला इतिहासात आधार नाही. शिवाय ती ऐकून पोरं पट्टा धुवायचं सोडतात आणि आया आपल्याला बोल लावतात.

आता कुणी म्हणेल, आपल्या तालमीत कुठे होता पट्टा? पहिलवान घडले नाहीत का? घडले, आणि उत्तम घडले. कोल्हापूरच्या तालमीत वस्तादाला प्रत्येक पोराचा दम, डाव आणि खुराक तोंडपाठ असतो. कोण कुणाशी धरणार हे तोच ठरवतो. जत्रेच्या मैदानात जोड लावताना पंच दोघांना शेजारी उभं करतात, अंगकाठी बघतात, कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा ते विचारतात. जोड विजोड वाटली तर पब्लिक आरडाओरडा करून ती मोडायला लावतं. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे रंगाची गरज पडत नाही; वस्तादाची नजर आणि तालमीचं नाव पुरतं. आपले वर्ग तसे नाहीत. महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये साठ मुलं, आठवड्याला तीन दिवस, त्यात दर सुट्टीत नवी भर, एक सर आणि एखादा ब्राऊन बेल्टवाला मदतनीस. शिबिरात तर नागपूरचा मुलगा रत्नागिरीच्या मुलीसमोर पहिल्यांदाच उभा राहतो. अनोळखी माणसं एकमेकांच्या अंगाला हात लावणार असतील, तर ओळखीची जागा कशाला तरी घ्यावी लागते.

रंगांचा इतिहास एका वाक्यात संपवतो, कारण त्यावर आपल्याकडे नको तेवढी चर्चा होते: पांढरा-पिवळा-नारिंगी-हिरवा ही माळ युरोपात रुजली, आणि ती रुजवण्यात 1935 साली पॅरिसला आलेल्या मिकिनोसुके कावाइशींचा वाटा मोठा. कराटेनं दान घेतला तो ज्युदोकडूनच. ओकिनावाहून टोकियोला आलेल्या गिचिन फुनाकोशींना कानोंनी 1922 मध्ये आपल्या कोदोकान या ज्युदो संस्थेत प्रात्यक्षिकासाठी बोलावलं होतं, आणि 1924 मध्ये फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिले दान दिले. तेव्हा आमचा पट्टा मोठा की तुमचा, हा वाद निदान आज जेवणाच्या रांगेत नको.

पण माझ्या म्हणण्याला जी गोष्ट सर्वांत जास्त अडचणीत आणते, ती लपवून चालणार नाही. रियो उचिदा या जपानी समाजशास्त्रज्ञानं तिथल्या शाळांमधल्या ज्युदो अपघातांची आकडेवारी गोळा केली. 1983 पासूनच्या सुमारे तीन दशकांत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली होती. त्यांत पहिल्या वर्षाला असलेली, नवखी मुलं जास्त. डोक्याला मार लागून गेलेली बरीच, आणि ओ-सोतो-गारी या मागे पाडणाऱ्या फेकीचं नाव पुन्हा पुन्हा येतं. हे ज्युदोच्या माहेरी घडलं. माझ्या अंदाजानं यातल्या बहुतेक नवख्यांच्या कमरेला पांढराच पट्टा असणार, आणि समोरच्याला तो दिसतही असणार. म्हणजे खूण होती, पण ती कुणी वाचली नाही. किंवा वाचूनही 'सोसायची सवय लागू दे' म्हणून दुर्लक्ष केलं. पट्टा वाचायला शिकवणं हा वरच्या पट्ट्याच्या अभ्यासक्रमाचा भाग नसेल तर रंगांची सगळी माळ निरुपयोगी आहे. म्हणून माझी पहिली सूचना: ब्राऊन आणि ब्लॅकच्या परीक्षेत प्रत्येक उमेदवाराला एका पांढऱ्या पट्ट्यासोबत पाच मिनिटं सराव करायला लावा, आणि त्याला वेगळे गुण ठेवा. बरोबरीच्या जोडीदाराबरोबर सगळेच चांगले दिसतात.

स्पर्धेतल्या पदकवाल्यांना परीक्षा कशाला, असा प्रश्न आमचे जिल्हा संघटक नेहमी विचारतात. कोदोकानमध्येही लाल-पांढऱ्या संघांच्या जुन्या लढतींत लागोपाठ अनेकांना हरवणाऱ्याला तिथल्या तिथे बढती मिळायची, असा दाखलाही देतात. दाखला बरोबर आहे. पण स्पर्धेत समोरचा तुमच्याच वजनाचा असतो, तयारीनं आलेला असतो आणि मधे पंच असतो. बारा वर्षांच्या, पहिल्यांदाच मॅटवर आलेल्या मुलीला हा पदकवाला कसा टाकेल, हे पदक सांगत नाही.

आता दुसरी बाजू. पट्टा द्यायचा अधिकार हातात असला की न द्यायचा अधिकारही असतो, आणि तो कसा वापरला जातो हे केइको फुकुदांच्या आयुष्यात दिसतं. कानोंच्या ज्युजुत्सू गुरूंची ही नात. 1953 मध्ये त्यांना पाचवा दान मिळाला आणि गाडी तिथेच थांबली, कारण कोदोकानच्या नियमानुसार बाईला त्याच्या वर जाताच येत नव्हतं. बायकांच्या काळ्या पट्ट्यावर एक पांढरी रेघही असायची. पत्रांची मोहीम झाली तेव्हा कुठे 1972 साली सहावा दान मिळाला. कोदोकाननं त्यांना नववा दान दिला तो 2006 मध्ये, आणि 2011 साली अमेरिकेतल्या संघटनेनं दहावा दिला तेव्हा त्या 98 वर्षांच्या होत्या. पाचव्या दानावर अडकलेल्या त्या एकोणीस वर्षांत त्यांच्यासमोर मॅटवर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला त्यांचा पट्टा चुकीची माहिती देत होता. अपात्राला दिलेला पट्टा जसा खोटा, तसा पात्राला नाकारलेलाही खोटाच. आपल्याकडे असा लेखी नियम नाही. पण मुलींच्या परीक्षेत 'चला, मुलीच्या मानानं छान' म्हणून सोडून देणारे परीक्षक आहेत. ती दया नव्हे. उद्या शिबिरात तिच्यासमोर जो उभा राहील तो त्या रंगावर विश्वास ठेवणार आहे.

फीबद्दल बोललो नाही तर मागच्या रांगेतले मित्र मला सोडणार नाहीत. मासिक फी वाढवली की पालक कुरकुरतात, परीक्षेची फी मात्र मुकाट्यानं देतात. त्यामुळे आपला संसार परीक्षेवर आला. यात पोटाचा प्रश्न आहे आणि पोटाला मी नावं ठेवणार नाही. फक्त फी आणि निकाल यांची गाठ सोडवा. फी परीक्षा देण्याची आहे, पट्ट्याची नाही, हे आधी लिहून द्या. सर्टिफिकेट आधी छापून आणू नका. जे राहिले त्यांची फेरपरीक्षा दोन-तीन महिन्यांत, फुकट. आणि त्यांना काय जमलं नाही ते एका ओळीत लिहून द्या: 'डावीकडे पडताना मान सैल.' मुलं अशा ओळीवर मनापासून मेहनत करतात. 'अजून सराव हवा' या शेऱ्यावर कुणीच काही करत नाही.

'सर, याचा ब्लॅक कधी?' हा प्रश्न दर जूनमध्ये येतो, दहावी जवळ आली की जास्तच. तायक्वांदोवाल्यांनी यावर चांगला तोडगा काढलाय. सोलच्या कुक्कीवोनकडून पंधराच्या आतल्या मुलाला दान मिळत नाही, पूम मिळतो. पट्टाही निम्मा लाल, निम्मा काळा. मुलाची मेहनत मान्य होते आणि समोरच्या मोठ्या माणसाला कळतं की हे मूल आहे. ज्युदो आणि कराटेच्या राज्य संघटनांनी याचा विचार करावा असा ठराव उद्याच्या सत्रात येणार आहे. माझं मत त्याच्या बाजूनं आहे. एकदम दोन पट्टे वर चढवणाऱ्या डबल प्रमोशनच्या बाबतीत तर मला ठरावही नको, ते सरळ बंद करा.

शेवटची सूचना बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेतून घेतलेली आहे: बहिःस्थ परीक्षक. आपल्या मुलाकडे बघताना आपल्याला त्याची चार वर्षं दिसतात, समोरच्या परक्याला ती दिसणार नाहीत. तेव्हा निर्णयात एक तरी परकी नजर हवी. शेजारच्या तालुक्यातल्या सरांना बोलवा, जाण्यायेण्याचं भाडं द्या, पुढच्या वेळी तुम्ही त्यांच्याकडे जा. काहींची एकमेकांशी बोलाचाल नाही हे मला ठाऊक आहे. निमंत्रण मोबाईलवर पाठवा, म्हणजे बोलावं लागणार नाही.

आज दुपारी तीन वाजता खालच्या हॉलमध्ये मॅट टाकलेली आहे. स्थानिक वर्गातली मुलं पिवळ्या आणि हिरव्याची प्रात्यक्षिकं दाखवणार आहेत. प्रत्येकाला एक तक्ता मिळेल. शेजाऱ्याशी न बोलता गुण भरा, बाहीचा रकाना रिकामा ठेवू नका, आणि तक्ते दाराशी जमा करा. एकाच मुलाला आपण सगळ्यांनी मिळून किती वेगवेगळे गुण दिले, ते चहाच्या वेळेपर्यंत फळ्यावर लिहिलेलं असेल. मग आपण त्यावर भांडू.