आशीर्वाद नको, वकीलपत्र द्या



बारामतीच्या निवडणुकांचा नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढे फुटतो, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझा प्रचार मात्र या साहित्य संमेलनाची अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर, आज सुरू होतोय. पुढच्या वर्षी मला कोणी माइक देणार नाही, हे मतमोजणीच्या संध्याकाळीच काही चेहऱ्यांवर वाचलं मी. तेव्हा चिठ्ठ्या पाठवू नका. मी थांबणार नाही.

‘अध्यक्ष साहित्यिक हवा, कोर्टातला नको’ असं पत्रक निवडणुकीत निघालं. त्यात माझ्या तृतीयपंथी असण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, एवढा सुसंस्कृतपणा आपल्याकडे आता आला आहे. पत्रक काढणाऱ्या गृहस्थांचं नाव मी घेत नाही. त्यांच्या कवितासंग्रहाच्या प्रती अजून त्यांच्याच माळ्यावर आहेत, तेवढी शिक्षा पुरे.

आता स्मरणिकेचं प्रकरण. विसरलात? मी विसरलेली नाही. स्मरणिकेसाठी मी लेख पाठवला होता, शेताच्या वाटेच्या भांडणावर. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143, म्हणजे बांधावरून वाट मागायची तर तहसीलदाराकडे अर्ज कसा करायचा; आणि असलेली वाट कोणी नांगरून टाकली तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली कसं जायचं. या तालुक्यात वाटेवरून जेवढी डोकी फुटली तेवढी राजकारणावरून फुटली नसतील. लेख परत आला. सोबत चिठ्ठी: ‘ताई, तुमच्या वेदना लिहा.’ अहो, वाट अडवली की ऊस फडात वाळतो, ती वेदना नव्हे? त्याच अंकात पावसावर सात कविता होत्या. सात! आणि आपल्या जिरायती पट्ट्यात त्या साली पाऊस किती झाला होता, ते तुम्हीच आठवा.

ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. कारण माझ्या वकिलीचा सगळा तंटा तिच्यात आहे. मला वेदनेसाठी बोलावतात, कामासाठी नाही. परिसंवादात माझी जागा कायम ‘उपेक्षितांचे अंतरंग’मध्ये, तीही जेवणानंतर. मानधन म्हणून साडी आणि नारळ. शेजारी बसलेल्या प्राध्यापकांना पाकीट मिळतं, आणि माझी ओटी भरली जाते!

कोर्टातही तेच. सनद मिळाली, काळा कोट घातला, आवारात टेबल टाकलं. पहिले कित्येक महिने माणसं यायची, पाया पडायची, नोट पुढे करायची आणि ‘बरकतीसाठी एक रुपया परत द्या’ म्हणायची. तो रुपया गल्ल्यात ठेवायचा असतो. मी द्यायचे. मग तोच माणूस वाटपाच्या दाव्याचं वकीलपत्र पलीकडच्या टेबलावर सही करून यायचा. माझ्या आशीर्वादाने दावा जिंकता येतो, पण माझ्या युक्तिवादाने नाही, अशी ही श्रद्धा!

आणि वर्तमानपत्रं? 2017 मध्ये पश्चिम बंगालमधल्या इस्लामपूरला जोयिता मंडल लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या, 2018 मध्ये नागपूरला विद्या कांबळे बसल्या. दोघींबद्दल मला आदर आहे, त्या खुर्चीपर्यंतची वाट मला माहीत आहे. पण मथळा काय? ‘पहिल्या तृतीयपंथी न्यायाधीश’. त्या बसल्या समाजसेवक सदस्य म्हणून. लोकअदालत तडजोड घडवते, पुरावा ऐकून निकाल देत नाही. न्यायाधीश व्हायचं तर न्यायिक सेवेची परीक्षा, नेमणूक, पगार, बदली, बढती. एका दिवसाच्या पॅनेलवर बसवून फोटो काढला आणि समाज मोकळा झाला. हीसुद्धा ओटीच.

कायदा तरी आडवा आला का? 1961 च्या वकील कायद्याचं कलम 24 काढा. नागरिकत्व, वयाची 21 वर्षं, कायद्याची पदवी. स्त्री की पुरुष, हे तिथे विचारलेलंच नाही. तरी तमिळनाडूत तृतीयपंथी सत्यश्री शर्मिला यांची वकील म्हणून नोंदणी व्हायला 2018 उजाडलं. नालसा खटल्याचा निकाल 15 एप्रिल 2014 चा. आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं होतं. निकाल आणि टेबल यांच्यात किती अंतर असतं, ते पक्षकारांना सांगायला नको. बायकांनी हेच भोगलं. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा पास झाल्या. बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा आला 1923 मध्ये. तोवर 1916 मध्ये रेजिना गुहांचा अर्ज कलकत्त्याच्या हायकोर्टाने फेटाळला होता. तेव्हाही बाईला देवी म्हणायला कोणाची हरकत नव्हती.

आणि हक्क आम्हाला नवा आहे असं समजू नका. मराठेशाहीत हिजड्यांना गावोगाव मागण्याचा हक्क होता, काहींना इनाम जमीन होती, सनदा होत्या. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकात ते मोडीत काढलं. आमची सनद गेली आणि नुसती टाळी उरली.

माझ्या सीनियरसाहेबांनी मात्र टाळी ऐकली नाही, ड्राफ्ट वाचला. इंदापूरच्या त्यांच्या ऑफिसात मराठी टाइपरायटर होता, त्याचा ‘ळ’ कायम अडकायचा. पहिला दावा मी इंग्रजी वळणाने लिहिला. साहेबांनी कागद परत केला. म्हणाले, पक्षकाराला वाचून दाखव, त्याला कळला तर दाखल करू. पक्षकार भिगवणकडचे एक आजोबा, त्यांना शष्प कळलं नाही. मी पुन्हा लिहिला. आता विषय निघालाच आहे, तर ऐका. राज्य सरकारने 1998 मध्ये जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी केली. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आणि अजून आपल्या माणसाच्या जमिनीचा निकाल इंग्रजीत येतो, त्याचा अर्थ तो चहाच्या टपरीवर विचारतो. साहित्य संमेलनाने ठराव करायचा तर याचा करा. शोकठरावांतून वेळ उरला तर.

आमची माणसं तक्रार करत बसलेली नाहीत. शेजारच्या माळशिरस तालुक्यात तरंगफळने 2017 मध्ये ज्ञानदेव कांबळे, आपले माउली, यांना थेट सरपंच केलं. जळगावच्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा अर्ज महिला वॉर्डातून बाद झाला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी 2021 मध्ये कोर्टातही जिंकल्या आणि गावातही. पोलीस भरतीच्या अर्जात दोनच रकाने होते, आर्या पुजारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या, आणि 2022 च्या डिसेंबरात हायकोर्टापुढे सरकारला नमतं घ्यावं लागलं. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वकीलपत्र घेतलं, कोणीतरी उभं राहिलं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ रकान्यात 40,891 माणसं नोंदली गेली. त्यांच्यापैकी किती जणांचं नाव बापाच्या सातबाऱ्यावर लागलं, हे कोणत्या जनगणनेत विचारतात? घरातून हाकललं की आधी वारसनोंदीतून नाव जातं. त्या लढाईला आमच्यातले वकील हवेत, आणि वकील तयार होतो तो फीवर.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संमेलनाने पुढच्या वर्षी ‘उपेक्षितांचे अंतरंग’ बंद करावं, आणि माझा वाटेचा लेख आहे तसा छापावा, शुद्धलेखन तपासून. मंडपात जे वकील बसलेत त्यांनी आमचं एक तरी पोर ज्युनियर म्हणून ठेवावं, पगार देऊन. आणि तुम्ही, ज्यांचा बांधाचा, वाटपाचा, पाटाच्या पाण्याचा तंटा आहे, ते सोमवारी अकराच्या आत या. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा सोबत आणा. फी ठरलेली आहे, रुपया परत मिळणार नाही.