नामंजूर दावा म्हणजे खोटा दावा नव्हे

(मे 2019 मध्ये दीपनगर येथे झालेल्या बैठकीत तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण. ज्या गावांना येता आले नाही त्यांच्यासाठी येथे देत आहोत. ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.)



 भुसावळच्या या उन्हात तुम्ही यावल, रावेर, चोपड्याच्या डोंगरातून आलात, शिरपूर, साक्रीकडूनही माणसं आली. काही जण तर इथेच ठेकेदाराकडे कामाला आहेत, आजची रोजी बुडवून बसलेत. म्हणून आम्ही लांबण लावणार नाही. एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती नीट सांगायची आहे.

गोष्ट अशी की आपल्याला आता अतिक्रमणवाले म्हणत नाहीत. आता नवा शब्द आलाय : बोगस. बोगस दावेदार. म्हणजे आपण खोटे कागद करून सरकारला फसवलं, सरकारची जमीन लुबाडली. बाजारात, एसटीत, ऑफिसात हा शब्द ऐकू येतो. काही पाड्यांवर तर असं सांगून गेले की दावा मागे घ्या, नाहीतर फसवणुकीची केस लागेल, 420 लागेल. आणि आपली काही माणसं घाबरून दावा मागे घ्यायला निघाली. म्हणून ही बैठक.

आधी हे कुठून आलं ते सांगतो. वनहक्क कायद्याच्या विरोधात 2008 सालापासून सुप्रीम कोर्टात केस चालू आहे. वन्यजीव वाचवा म्हणणाऱ्या काही संस्थांनी ती केली. त्यांचं म्हणणं, ज्यांचे दावे नामंजूर झाले ते सगळे अतिक्रमणवाले, त्यांना बाहेर काढा. या वर्षी 13 फेब्रुवारीला कोर्टाने तसा हुकूम दिला. 24 जुलैच्या आत काढा म्हणून सांगितलं. देशभरात 11 लाखांहून जास्त दाव्यांचा प्रश्न झाला. आपल्या राज्याने कोर्टाला दिलेल्या आकड्यात आदिवासींचे 13,712 आणि इतर वननिवासींचे 8,797 दावे नामंजूर होते. देशभर ओरड झाली, माणसं रस्त्यावर आली, केंद्र सरकारही कोर्टात गेलं. 28 फेब्रुवारीला कोर्टाने आपलाच हुकूम थांबवला आणि राज्यांना विचारलं : दावे नामंजूर करताना नियम पाळले का? कोणी नामंजूर केले? माणसाला कारण कळवलं का? त्याला बोलू दिलं का?

हे प्रश्न लक्षात ठेवा. कोर्ट सरकारला विचारतंय की तुम्ही नीट वागलात का. आणि खाली आपल्याला सांगतात की तुम्ही चोर आहात.

आता आमची स्वतःची एक चूक तुमच्यापुढे कबूल करतो. 2008 साली दाव्याचे अर्ज आले तेव्हा आम्ही शाळेत होतो. पाड्यावर लिहिता येणारी आम्हीच चार पोरं. रात्री चिमणीच्या उजेडात आम्ही अर्ज भरले. किती जमीन, हा रकाना आला की विचारात पडायचो. आजोबा सांगायचे, त्या नाल्यापासून त्या महूपर्यंत. नाला ते महू म्हणजे किती हेक्टर, आम्हाला काय ठाऊक? कोणीतरी सांगितलं, कायद्यात 4 हेक्टर लिहिलंय, तेवढं भरा. आम्ही सगळ्यांना 4 हेक्टर भरलं. ज्याची जमीन दीड एकर, त्यालाही 4 हेक्टर. नवरा-बायकोचं नाव लागतं असं ऐकलं म्हणून एकाच शेताचे दोन अर्ज केले, एक त्याचा, एक तिचा.

आज तेच अर्ज दाखवून म्हणतात, बघा, एवढ्याशा जमिनीला 10 एकर मागितले, एकाच जमिनीचे दोन दावे केले, बोगस! आमचे एक आजोबा आहेत. त्यांनी आयुष्यात कोणाचं दाण्याएवढं घेतलं नाही. ऑफिसातून येऊन ते दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, माझ्या नेवाडावर तुम्ही खोटं लिहिलं. त्यांचं ते बोलणं आमच्या काळजात अजून रुतलेलं आहे. त्याच दिवसापासून आम्ही कायदा वाचायला बसलो. बारावीपर्यंत शिकलेल्या पोरांना जेवढं कळलं आणि वकिलांनी जेवढं समजावलं, ते सांगतो.

फसवणूक कशाला म्हणतात? भारतीय दंड विधानाचं कलम 415 सांगतं आणि 420 त्याची शिक्षा सांगतं. मनात आधीपासून लबाडी पाहिजे. त्या लबाडीने समोरच्याला खोटं खरं भासवलेलं पाहिजे. आणि त्या भुलीत त्याने आपल्या हातात काही दिलेलं पाहिजे. चूक झाली, मोजता आलं नाही, रकाना कळला नाही, याला लबाडी म्हणत नाहीत. दावा म्हणजे मागणी. मागणी केली, सरकारने तपासली, कमी दिलं किंवा नाही दिलं. कोर्टात रोज कितीतरी माणसं जमिनीचे दावे हरतात. हरलेल्या प्रत्येकाला चोर म्हणून आत टाकतात का?

शिवाय दावा आपण एकट्याने मंजूर करून घेत नाही. कायद्यात 4 हेक्टर ही वरची हद्द आहे. हक्क मिळतो तो प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या जमिनीचाच. ती ठरवायला वनहक्क समिती शेतावर जाते. दावेदाराला आणि वनखात्याला आधी कळवते. वनखात्याचे आणि महसूलचे माणसं हजर राहून सही करतात, काही म्हणणं असेल तर लिहितात. मग ग्रामसभा ठराव करते, मग प्रांतांची उपविभागीय समिती, मग कलेक्टरांची जिल्हास्तरीय समिती. एवढ्या डोळ्यांपुढून कागद जातो. अर्जात जास्त लिहिलं गेलं तर मोजणीत खरं निघतं, तेवढं लागतं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने एकच निघतो. म्हणजे आमची चूक दुरुस्त करायला कायद्यातच जागा होती.

मग दावे नामंजूर का झाले? आम्ही जे कागद पाहिले त्यात तीन कारणं सारखी दिसतात.

पहिलं, पुरावा नाही. पुरावा म्हणजे त्यांना दंडाची पावतीच पाहिजे. ज्याच्या बापाला फॉरेस्टने पकडलं त्याच्याकडे पावती आहे. ज्याच्याकडून कोंबडी घेऊन सोडून दिलं त्याच्याकडे कुठली पावती? कायद्याचा नियम 13 वाचा. रेशन कार्ड, मतदार कार्ड, घरपट्टीची पावती चालते. शेतातली झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, मसणवट, देवाची जागा, हे सगळे पुरावे आहेत. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. यातले एकापेक्षा जास्त पुरावे पाहिजेत. एकच ठराविक कागद आणा असा हट्ट समितीने करू नये, असं 2012 च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय.

दुसरं, सॅटेलाईटच्या फोटोत शेत दिसत नाही. आपल्या शेतात महू उभा, टेंभरू उभा, साग उभा. आपण झाड राखून पेरतो. वरून पाहिलं तर जंगलच दिसणार. झाड तोडलं असतं तर फोटोत शेत दिसलं असतं! म्हणजे जंगल राखल्याची ही शिक्षा. पण 2012 चे नियम सांगतात की सॅटेलाईट फोटो बाकी पुराव्याला जोड म्हणून वापरा, त्यांच्या जागी नाही. शेजारच्या गुजरातमध्ये याच मुद्द्यावर संस्था हायकोर्टात गेली आणि मे 2013 मध्ये हायकोर्टाने असे दावे पुन्हा तपासायला लावले.

तिसरं, मोजणीला वनखात्याचं माणूस हजर नव्हतं. अहो, बोलावून आले नाहीत हा आपला गुन्हा? नियम असा आहे की या कारणाने हरकत घेतली तर दावा ग्रामसभेकडे परत पाठवायचा, पुन्हा पाहणी करायची. पुन्हाही ते आले नाहीत तर ग्रामसभेची पाहणी हीच शेवटची.

आता फसवणुकीचं बोलणं निघालंच आहे तर एक आठवण करून देतो. खोट्या कागदाने जमीन कशी जाते ते खानदेशच्या आदिवासीला शिकवायला नको. धान्याच्या एका पायलीवर अंगठा घेतला आणि शेत सावकाराच्या नावे झालं, हे आपल्या आज्यांनी सोसलंय. शहादा-तळोद्यात 1970 नंतर अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना त्यासाठीच लढली. सरकारला 1974 साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा करावा लागला. आणि वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. हे आपण लिहिलेलं नाही, संसदेने लिहिलंय. आपण मागतो ते बक्षीस नाही. जे होतंच ते कागदावर मागतो.

पण आता कडू बोलतो. राग मानू नका.

आपल्यात एकही खोटा दावा नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का? 13 डिसेंबर 2005 नंतर ज्याने नवीन झाडं पाडून शेत केलं आणि तारीख मागची लिहिली, तो दावा खोटा आहे. ज्याची नोकरी शहरात, जमीन कधी खेडली नाही, पण भावाच्या तुकड्यावर नाव घातलं, तो खोटा आहे. पैसे घेऊन खोटे दाखले करून देणारे दलाल आपल्या बाजारात फिरतात. काहींनी त्यांच्याकडून कागद घेतले. खोटा दाखला वापरला तर 468, 471 लागू शकतं आणि तिथे संघटना तुमच्या पाठीशी उभी राहणार नाही. का? कारण त्या एका खोट्या कागदाने पाड्यावरचे शंभर खरे दावे बोगस ठरतात. आमच्या त्या आजोबांची भाकरी त्या एकाने ओढली.

म्हणून वाट एकच. खरं-खोटं निवडायचं काम ऑफिसाकडे जाण्याआधी आपल्या ग्रामसभेने करायचं. म्हातारी माणसं जाणतात कोण कुठे कधीपासून खेडतो. भाऊबंद आहे, सोयरा आहे म्हणून गप्प बसायचं नाही. ज्याचं चुकून जास्त लिहिलं गेलं त्याचं ठरावाने दुरुस्त करा. ज्याचं खोटं आहे त्याला समजावून दावा काढायला लावा. आमच्या पाड्यावर आम्ही हे सुरू केलं. आमच्याच हाताने भरलेले अर्ज आम्ही सभेत वाचले आणि चूक आमची म्हणून सांगितलं. लाज वाटली. पण आजोबा उठून म्हणाले, आता माझा दावा माझा झाला.

शेवटी, नोटीस आली किंवा पोलीस आले तर काय करायचं ते ऐका. शक्य तर आज लिहून घ्या.

एक. न वाचता, न समजता कुठेही सही-अंगठा करायचा नाही. दावा मागे घेतो अशा कागदावर तर अजिबात नाही.

दोन. दावा नामंजूर झाला तर कारणासहित लेखी हुकूम मागा. तोंडी नामंजुरी चालत नाही. हुकूम कळल्यापासून 60 दिवसांत अपील करता येतं. हुकूमच दिला नसेल तर तसा अर्ज देऊन पोच घ्या.

तीन. कलम 4(5) पाठ करा. तपासणी आणि मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही. अपील बाकी असेल तर काम पुरं झालं नाही हे लेखी सांगा.

चार. 420 ला जास्तीत जास्त 7 वर्षांची शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी 41 अ ची नोटीस द्या, असं सुप्रीम कोर्टाने 2014 साली अर्णेश कुमारच्या केसमध्ये सांगितलंय. नोटीस आली तर पळायचं नाही. डोंगरात लपलात तर खरा माणूसही चोर दिसतो. दोन माणसं सोबत घ्या आणि हजर व्हा.

पाच. आदिवासीला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1987 च्या कायद्याने तो हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

सहा. आदिवासीवर खोटी केस करणं आणि त्याच्या वनहक्कात आडवं येणं हा अट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे, कलम 3(1) मध्ये. पण हे हत्यार खरं असेल तिथेच काढा. खोट्या केसचा मार आपण खातोय, तोच आपण दुसऱ्याला देऊ नये.

सात. ग्रामसभेचं रजिस्टर, मोजणीचे कागद, पोच पावत्या यांच्या तीन-तीन झेरॉक्स करा. एक दावेदाराकडे, एक समितीकडे, एक संघटनेकडे. घराला आग लागली तरी हक्क जळू नये.

गेल्या वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसं चालली. पायाला फोड आले ते साऱ्या देशाने पाहिले. पण ती चाल रस्त्यावरची होती. आता कागदावरची चाल आहे. ती हळू आहे, तिला टाळ्या नाहीत, पण तिच्याशिवाय जमीन नावावर होत नाही.

पेरणीला महिनाही राहिला नाही. पाऊस पडायच्या आधी प्रत्येक पाड्याने एक ग्रामसभा घ्यायची आणि एक-एक दावा मोठ्याने वाचायचा. मग कोणी बोगस म्हणालं तर आपण खाली मान घालणार नाही. रजिस्टर पुढे ठेवू आणि म्हणू, वाचा.

जमीन खेडतो त्याची! जिंदाबाद!