काचेची पाटी आणि मानवाकृतीचें रेखन



आज मला चित्रकलेंतील एका अवघड प्रकरणाविषयीं बोलावयाचें आहे. तें म्हणजे मनुष्याच्या आकृतीचें रेखन. आणि तेंही कागदावर नव्हे, तर विजेवर चालणाऱ्या काचेच्या पाटीवर. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं टॅब्लेट नांवाची ही पाटी आणि तिची लेखणी मुलांच्या हातीं आली असेल. आमच्या बीड जिल्ह्यांतील धर्मापुरीसारख्या गांवीं टॅब्लेट क्वचितच आढळतो. परंतु वडील भावाच्या मोबाइलवर बोटानें चित्र काढीत बसलेलें मूल तेथेंही दिसतें. शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलेल्या मनुष्याला दोन्ही ठिकाणीं एकच प्रश्न पडतो : साधन तर आलें, पण शिकावयाचें काय आणि कोणापासून?

प्रथम साधनाचें श्रेय साधनाला देऊं. १९६३ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीनें आकृति काढून दाखविली. आजची पाटी ही त्याच प्रयत्नांची वंशज होय. तिच्या लेखणीला हाताचा दाब कळतो. हलक्या हातानें रेषा बारीक उमटते, भार दिला कीं जाड होते. एका चित्रावर पारदर्शक कागदाप्रमाणें अनेक थर चढवितां येतात. एका स्पर्शासरशी आकृति उजवीची डावी होते आणि सरावलेल्या डोळ्याला न दिसलेला वांकडेपणा उघडा पडतो. जुने चित्रकार याच कामासाठीं चित्र आरशांत पाहत. क्रितासारखी चित्रणप्रणाली तर विनामूल्य मिळते. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, कीं कागद संपण्याची भीति उरत नाहीं. ड्रॉइंगचा कागद जपतां जपतां हात आखडलेलीं मुलें ज्यानें पाहिलीं आहेत, त्याला या सोयीचें मोल सांगावयास नको.

परंतु याच सोयींत धोकाही आहे. ओढलेली रेषा मागें घेतां येते म्हणून मूल ती ओढतें, मागें घेतें, पुन्हा ओढतें; अर्धा तास जातो आणि समोरचें माणूस त्यानें धड एकदांही पाहिलेलें नसतें. चित्र हवें तेवढें मोठें करतां येतें म्हणून पापणीचा केस न् केस काढला जातो, पण डोकें मानेवर बसलेलें नसतें. तिसरा धोका छायाचित्रावर थर ठेवून गिरविण्याचा. त्यानें बाह्यरेषा बिनचूक येते. मात्र त्या रेषेच्या आंत हाडें आहेत कीं कापूस आहे, याचा पत्ता लागत नाहीं.

जलरंगांत असें मागें फिरणें नसतें. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनीं दिव्याच्या उजेडांत उभी असलेली स्त्री जलरंगांत रंगविली. तें चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांत आहे. त्यासाठीं उभी राहिलेली स्त्री म्हणजे त्यांचीच कन्या होती. कुंचला टेंकविण्यापूर्वीं डोळ्यांनीं किती काम उरकलेलें असेल, याची कल्पना त्या चित्रावरून करतां येते. काचेच्या पाटीवरही आधीं पाहणें आणि मग रेघ, हा क्रम बदलत नाहीं.

पाहण्याला मापाचा आधार लागतो. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पांच प्रकार सांगितले असून त्यांची उंची अनुक्रमें १०८, १०६, १०४, १०० आणि ९० अंगुलें दिली आहे. पाश्चात्य परंपरेंत डोक्याच्या उंचीला एकक धरून पूर्ण वाढलेल्या मनुष्याची उंची साडेसात ते आठ डोकीं मानतात. नवजात बालकाचें डोकें मात्र त्याच्या लांबीच्या सुमारें चौथ्या भागाइतकें असतें. हें ध्यानीं न घेतल्यानें नवशिक्याचें तान्हें मूल हें एक बुटका गृहस्थ दिसूं लागतें.

माप कळलें तरी उभें राहणें कळावयाचें राहतें. त्याचा उत्तम धडा धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या बाहेरील भिंतीवर आहे. चालुक्यकालीन शिल्पकारांनीं तेथें सुरसुंदरी कोरल्या आहेत. अशा त्रिभंगांतील मूर्तीपुढें मुलांना उभें करावें आणि दोनच रेषा ओढावयास सांगाव्या : एक खांद्यांची, दुसरी कंबरेची. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा खालीं येतो. दोन्ही रेषा परस्परांविरुद्ध कलतात. एवढें उमगलें कीं आकृति उभी राहते.

तरीही दगडांतील सुंदरी थकत नाहीं, माणूस थकतें. आमच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीला बाहेर पडतात. माझ्या एका विद्यार्थिनीनें डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी आपली आई मोबाइलवर काढली होती. छायाचित्र गिरविलेलें, रेषा सुबक, पण मोळी कापसासारखी हलकी दिसत होती. चैत्रांत आई परतल्यावर मुलीनें तिला भरली घागर डोक्यावर घेऊन उंबरठा चढावयास लावलें आणि दोन-दोन मिनिटांत, एकही रेषा मागें न घेतां, दहा चित्रें काढलीं. मान ताठ, टांच रुतलेली, कंबर एका बाजूला आलेली. शेवटचें चित्र पाहून आईनें त्या कंबरेवर बोट ठेवलें आणि म्हणाली, "हां, इथंच दुखतंय माय मला." चित्राची याहून कठीण परीक्षा मला ठाऊक नाहीं.

तिचीच रीत मी आपणांस सुचवितों. पहिल्या थरावर दोन मिनिटांत केवळ देहाचा झोंक धरावा. दुसऱ्यावर डोकें, छातीचा पिंजरा आणि कंबर असे तीन गोळे त्यांच्या कलांसह मांडावे. तिसऱ्यावर वस्त्र, लुगड्याच्या चुण्या खांदा, कोपर, गुडघा अशा ताणाच्या जागांपासूनच निघतात. रंग सर्वांत शेवटीं.

पूर्वीं जिवंत माणूस समोर बसवून शिकण्याची सोय मोठ्या शहरांपुरती होती. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतही विवस्त्र मानवाकृतीवरून अभ्यास १९२० च्या सुमारास, कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दींत सुरू झाला. खेड्यांतील मुलाला तो वर्ग लाभला नाहीं; पण ओसरीवर निवडटिपण करणारी आजी आणि बैल पाजणारे वडील त्याच्या समोर आहेत.

आतां चार शब्द सांगितले कीं मनुष्याचें चित्र आपोआप सिद्ध करणारीं यंत्रेंही आलीं आहेत. मग हात झिजवावा कशाला, असें कोणी विचारील. चित्र हवें असेल तर यंत्र तें देईल. परंतु आपल्या आईचा भार कोणत्या पायावर असतो, हें पाहण्याचें काम यंत्रानें केलें, तर तें आपलें पाहणें होत नाहीं.

म्हणून पालकांस माझी एकच विनंति आहे. मुलाला टॅब्लेट घेऊन दिला असेल, तर रोज पंधरा मिनिटें त्याच्यासमोर स्वस्थ बसा. चेहरा जमेल किंवा न जमेल. तिकडे लक्ष देऊं नका. तेवढा वेळ तें मूल काचेकडे कमी आणि आपल्याकडे अधिक पाहत असेल, तर शिक्षण योग्य मार्गानें चाललें आहे असें खुशाल समजावें.