मोबाईलला विचारा, पण माणसालाही विचारा



आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता स्कूटी चालवतात. कुणी गटाचा टेम्पो चालवते, कुणी नवऱ्याच्या शेजारी बसून मोबाईलवर बघत रस्ता सांगते. मोबाईलमधली बाई म्हणते, ‘डावीकडे वळा’, की आपण वळतो. आज मला त्या बाईबद्दलच बोलायचंय.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणातली गोष्ट. आमच्या गटाचा माल घेऊन आम्ही तिघी प्रदर्शनाला निघालो होतो. टेम्पो मी चालवत होते. मोबाईलने एक नवा रस्ता दाखवला, वीस मिनिटं वाचत होती. आमच्यातल्या मावशी म्हणाल्या, “अगं, फाट्यावर कुणाला तरी विचार.” मी म्हटलं, “मावशी, मोबाईल सांगतोय ना!” पहाटेचा अंधार, वरून भुरभुर पाऊस. उतार सुरू झाला आणि डोक्यावर शेणाची पाटी घेतलेली एक बाई समोर आली. तिने हात आडवा केला. “ताई, कुठं निघालात? फरशीवरनं रात्रीपासनं पाणी चाललंय.” फरशी पूल वळणाच्या पलीकडे होता. आम्हाला तो दिसला असता तेव्हा फार उशीर झाला असता. आणि मोबाईल? तो अजून ‘सरळ जा’च म्हणत होता.

त्या दिवशी मला माझी चूक कळली. मोबाईल वापरला ही चूक नव्हती. मावशींचं ऐकलं नाही, ही चूक होती.

मोबाईलला आपण कुठे आहोत ते आकाशातल्या उपग्रहांवरून कळतं. रस्ता कुठून कुठे जातो, हेही त्याच्याकडे नोंदवलेलं असतं. पुढे गर्दी आहे का, हे तो त्या रस्त्याने जाणाऱ्या इतर मोबाईलवरून ओळखतो. शहरात हे छान चालतं. पण आपल्या आडरस्त्याला पहाटे कोण असतं? रस्ता मोकळा आहे म्हणून तिथे कुणी नाही, की बंद आहे म्हणून कुणी नाही, हे त्याला कळेलच असं नाही. रात्रीतून दरड आली, पूल पाण्याखाली गेला, तर ते आधी कळतं तिथल्या माणसाला.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातली घटना तुम्ही ऐकली असेल. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडून तिघेजण कळसूबाईला निघाले होते. रात्रीची वेळ, मोबाईलच्या नकाशावर भरवसा. कोतूळजवळचा पूल धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. गाडी थेट पाण्यात गेली. दोघे कसेबसे बाहेर आले, गाडी चालवणाऱ्याचा जीव गेला. लक्षात घ्या, तेव्हा पावसाळा नव्हता, थंडीचे दिवस होते. पूल बंद आहे हे आसपासच्या गावांना माहीत होतं. फक्त विचारलं गेलं नाही.

म्हणून काही गोष्टी आपण पक्क्या करू.

निघण्याआधी घरीच सगळा रस्ता नजरेखालून घाला. वाटेतली चार गावं लक्षात ठेवा. त्या भागाचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे रेंज गेली तरी अडणार नाही. गाडी चालवताना मोबाईल हातात नको, शेजारचीला बघू दे.

रस्त्याकडेचे मैलाचे दगड वाचा. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता. मोठ्या रस्त्यावरून जायचं ठरलंय आणि नारिंगी दगड लागायला लागले, तर थांबा आणि विचारा.

वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. एक फूट वाहतं पाणीही लहान गाडी ढकलू शकतं. दोन फुटांत मोठी गाडीही वाहून जाते. मागे फिरण्यात कमीपणा नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या वस्तीवर येणारी १०८ ची गाडीही कधी मोबाईल बघत येते. बाळंतीण अडली असेल आणि गाडी बंद रस्त्याला लागली, तर? म्हणून फोन करतानाच सांगा, कुठल्या फाट्यावरून वळायचं, जवळ कुठलं देऊळ, कुठली शाळा, आणि कुठला रस्ता आज बंद आहे. शक्य असेल तर एकीला बॅटरी घेऊन फाट्यावर उभी करा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. गटाच्या वहीत एक पान करा. आपल्या भागातल्या कुठल्या फरशीवर पाणी येतं, कुठे दरड येते, दुसरा रस्ता कुठला, त्या गावातल्या गटातल्या कुणाला फोन करायचा, हे सगळं लिहा. ही माहिती मोबाईलमध्ये मिळेलच असं नाही. ती आपल्या सासूबाईंकडे, दूधवाल्याकडे, एसटीच्या ड्रायव्हरकडे आहे.

आम्हाला अडवणाऱ्या त्या बाईचं नावही मी घाईत विचारलं नाही. पण त्यानंतर आमच्या दारावरून अनोळखी गाडी ओढ्याकडे जाताना दिसली, की मी हात आडवा करते. तुम्हीही करा.