लोहचुंबक आणि फुकटची शक्ती



वर्गात लोहचुंबकाचा पाठ चालू असता एखादा चुणचुणीत विद्यार्थी हटकून विचारतो, "गुरुजी, चुंबक काही न खाता खिळे ओढतो, मग त्याच्यावर चाक का फिरू नये? वीजबिल तरी वाचेल!" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. इ. स. १२६९ मध्ये पीटर पेरेग्रिनस या फ्रेंच विद्वानाने चुंबकाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध पत्रात अशाच अखंड फिरणाऱ्या चक्राची कल्पना मांडली होती. चुंबकाच्या ध्रुवांचे पद्धतशीर वर्णन करणारा हा पुरुष. तोही येथे फसला. तेव्हा मुलाला दटावणे अन्यायाचे होईल.

घोटाळा होतो तो बल आणि कार्य यांतील भेद ध्यानी न आल्यामुळे. भिंतीतील खुंटी वर्षानुवर्षे दप्तर पेलते. परंतु दप्तर हलत नाही, म्हणून तेथे कार्य घडत नाही. चुंबकाला चिकटून राहिलेल्या खिळ्याचेही तसेच. खिळा चुंबकाकडे धावतो तेव्हा मात्र कार्य घडते. पण तोच खिळा पुन्हा धावावा म्हणून आधी ओढून दूर न्यावा लागतो, आणि त्यास निदान तेवढेच कार्य खर्ची पडते. विहिरीत पोहरा आपोआप उतरतो; वर काढताना हात भरून येतात. पोहऱ्याच्या नुसत्या उतरण्यावर कोणी मळा भिजविल्याचे ऐकिवात नाही. चाकावर चुंबक कितीही युक्तीने बसविले तरी प्रत्येक फेऱ्यात जवळ येणे आणि दूर जाणे ही दोन्ही आलीच. जमाखर्चाची बाकी शून्य, आणि आसाच्या घर्षणाचा तोटा वर.

जॉन विल्किन्स या इंग्रज धर्मगुरूने १६४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका उतरणीची चर्चा आहे. माथ्यावर चुंबक, लोखंडी गोळी चढून येणार, माथ्याजवळच्या भोकातून खाली पडणार आणि पुन्हा चढणार! हा प्रयोग शाळेत अवश्य करावा. पुठ्ठ्याची पन्हळ, सायकलचा एक छर्रा आणि मोडक्या ध्वनिक्षेपकातील चुंबक एवढे पुरे. चुंबक जवळ ठेवला तर छर्रा भोक ओलांडून त्यालाच चिकटतो. दूर सारला तर चढतच नाही. मधली जागा मुलांना मनसोक्त शोधू द्यावी. ती सापडत नाही, हे त्यांच्या हातांनाच कळावे. विल्किन्सलाही ही अडचण दिसली होती.

यावर हुशार मूल विचारील की वीजगृहात तर चुंबकच असतात. असतात खरे. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखविले ते हेच, की चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांसापेक्ष हलविले म्हणजे वीज उत्पन्न होते. परंतु हलविणारा कोणी लागतो. कोयनेच्या पोफळी वीजगृहात तो पाण्याचा लोंढा. सायकलीला जुना डायनॅमो असेल तर मागचे चाक उचलून मुलाकडून पायटा फिरवावा, प्रथम दिव्याविना, मग दिवा जोडून. दिवा लागताच पायटा जड होतो.

हा विषय परीक्षेपुरता नाही. चुंबकावर चालणाऱ्या यंत्रांच्या चित्रफिती आता मुलांच्या हातातील मोबाइलवर दिसतात, आणि उद्या कोणी असा पंप विकावयास आला तर पालक सल्ला विचारावयास शाळेतच येईल. निसर्गनियमांना उघड विरोधी असलेल्या दाव्यास भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याखाली पेटंट मिळत नाही, एवढे त्यास सांगावे. आणि पैसे देण्यापूर्वी एक कसोटी लावावी. १२ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ६०० वॅट-तास ऊर्जा मावते. एक अश्वशक्तीचा पंप तीवर तासभरही चालणार नाही. म्हणून यंत्र मोकळ्या शिवारात, सर्व तारा सोडवून, चार लोकांसमक्ष दिवसभर पाणी उपसताना दाखवावे, अशी अट विक्रेत्याला घालावी.