रहस्यपटांतील मुलें, आईबाप आणि खलपुरुष

रहस्यपट पाहावयास बसलेल्या प्रेक्षकास कथानक ठाऊक नसलें, तरी पात्रें बहुधा पूर्वपरिचित असतात. मुलें उनाड, आईबाप बाहेरगांवीं किंवा ऐकूनहि न ऐकणारे, आणि खलपुरुष असा कीं, त्याला पाहतांच लहान मुलानें आईच्या पदराआड दडावें. जॉन कार्पेंटर यांच्या १९७८ सालच्या ‘हॅलोवीन’ या अमेरिकन चित्रपटानें हा सांचा इतका पक्का केला कीं, पुढें अनेकांनीं तो जसाच्या तसा उचलला. वेड्यांच्या इस्पितळांतून पळालेला त्यांतील खुनी पांढरा मुखवटा घालून वावरतो. श्रेयनामावलींत तर मुखवट्यांतील त्याचा उल्लेख ‘आकृति’ असा आहे. लॉरी ही अभ्यासू मुलगी वांचते. मौजमजेंत रमलेल्या तिच्या मैत्रिणींना मरण येतें. (जणूं वार्षिक परीक्षेचा निकालच!) तिचे वडील आरंभीं क्षणभर दिसतात, तेहि लेकीला खुन्याच्याच ओसाड घरीं किल्ली ठेवावयास धाडण्यापुरते. पुढें ती जिवाच्या आकांतानें शेजाऱ्यांचें दार ठोठावते, तेव्हां आंतला माणूस दिवा मालवतो.

या सांच्यांत दिग्दर्शकाची मोठी सोय आहे. वडील माणसें दूर केल्यावांचून मुलें एकटीं पडत नाहींत. आणि मुखवट्याआडचा माणूस दाखविलाच नाहीं, म्हणजे घरच्या कोणावर संशय घेण्याचें कारण उरत नाहीं. प्रेक्षक भितो खरा, परंतु घरीं परततो तो निर्धास्त मनानें.

आल्फ्रेड हिचकॉक यांनीं १९४३ सालींच ‘शॅडो ऑफ अ डाउट’मध्यें ही निर्धास्ती हिरावून घेतली होती. कॅलिफोर्नियांतील सँटा रोझा या शांत गांवीं राहणाऱ्या, शाळा संपविलेल्या मुलीचें नांव चार्ली. तिच्या मामाचें नांवहि तेंच. मामा येतो तो भेटी घेऊन, आणि या धाकट्या भावाला कुठें ठेवूं नि कुठें नको असें आईला होऊन जातें. बँकेंत नोकरी करणारे वडील शेजाऱ्यासह खून कसा पचवावा याची रंगतदार चर्चा करीत बसतात. खरा खुनी मात्र त्यांच्याच पंक्तीला जेवत असतो. मामानें दिलेल्या अंगठीवर परक्याचीं आद्याक्षरें पाहून भाची चरकते. श्रीमंत विधवांचे गळे दाबणारा तो हाच, हें तिला उमगतें.

तरी ती आईला सांगत नाहीं. तें कानीं पडल्यास आई जगणार नाहीं, ही तिला धास्ती. जिन्याची पायरी मोडून ठेवलेली असते, मोटारीच्या धुरांत तिला कोंडलें जातें, तरी ती आईजवळ अवाक्षर काढीत नाहीं. अखेर धांवत्या आगगाडींतून तिला ढकलूं पाहणारा मामा स्वतःच खालीं पडतो. गांव त्याची थाटाची अंत्ययात्रा काढतें. चर्चमध्यें मृताच्या सद्‌गुणांचें वर्णन चालूं असतें, आणि भाची दाराबाहेर उभी राहून तें ऐकते.